ऐन

अरबीत ऐन म्हणजे झरा,
ऐन म्हणजे डोळाही,
हे मौझा मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं.
माझ्या भाषेत ऐन म्हणजे नेमकं तेव्हाच:
ऐन दुपारी, ऐन हंगामात, ऐन वेळी.
अल ऐन हे नाव मी अजून तिन्ही अर्थांनी घेते.

बाहेर सत्तेचाळीस.
आत बावीस, रात्रंदिवस बावीस,
आणि अंधारही मोजून बारा तास.
लसूणघासाची पिशवी चुरचुरली की
बारा गिनीपिग एकदम शीळ घालतात.
ओळख पिशवीशी आहे, माझ्याशी नाही.

आव होते माणसाला, फार तर माकडाला.
यांना कितीही जंतू पाजा,
लेंड्या कोरड्याच पडतात.
म्हणून कुणीतरी फार पूर्वी वाट काढली:
थेंब डोळ्यात टाका.
पापणीचं अस्तर आणि आतड्याचं अस्तर,
लांबचे का होईना, भाऊबंद.
जंतू फसतो.
पोटात शिरल्यासारखा डोळ्यात वागतो.

हा जंतू सनैयातल्या एका कॅम्पमधला.
नमुना एक्केचाळीस.
डबी उघडली तेव्हा चिठ्ठीवर नाव होतं, मग खोडलं गेलं:
रामपुकार, वय चोवीस, फरशीकाम.
दिवसातून तीसदा जावं लागायचं,
वीस जणांत एक संडास.
रांगेतल्यांनी मला पुढे सोडलं,
एवढंच तो नर्सला दोनदा म्हणाला.

सोमवारी थेंब.
डावा हात मानेखाली, अंगठ्याने पापणी वर,
तळहातावर त्यांचं काळीज
शिवणयंत्रासारखं.

बुधवारी टॉर्च.
लस न दिलेल्या सहाही जणी डोळे मिटून,
उघडले तर बुबुळावर साय.
तीन, तीन, दोन, तीन, तीन, तीन.
लस दिलेल्या:
शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य.
शेवटची ती, जिला
(नाव द्यायचं नाही असा नियम आहे)
मी फक्त मनात तपकीर म्हणते.
तिच्या डोळ्यात टॉर्च, टॉर्चमागे मास्क, चष्मा, मी,
विहिरीत वाकल्यावर दिसावं तसं
सगळं नितळ.
शून्य लिहिताना माझा हात हलला,
आकडा जरा अंडाकृती झाला.

मॅडमनी घरच्या बागेतले खजूर आणले.
जातीचं नाव खलास.
मी ते नाव ऐकून थबकले, मग खाल्ले. गोड होते.
गुरुवारी दोन्ही गट संपवायचे होते,
साय धरलेले आणि नितळ, एकाच सकाळी.
फॉर्मवर त्यासाठी जो शब्द आहे
त्याचं मराठी त्याग असं होतं.
कोणी केला, याला रकाना नाही.

परतताना बस सनैयावरून जाते.
खिडकीतून त्या कॅम्पची गच्ची दिसते,
गच्चीवरची टाकी,
टाकीवर कबुतरं.
झाकण अजून तिरपंच आहे.