बॅटरी

टक्.
एवढंच म्हणाली गाडी.
उणे बावीस. कोचकोरच्या डोंगरांमागे अजून उजाडायचं आहे,
मागच्या सीटवर दोन मेंढ्या, पाय बांधलेल्या,
त्यांच्या श्वासानं काचा आतून पांढऱ्या,
आणि शनिवारचा गुरांचा बाजार
कुणासाठी थांबत नाही.

परत किल्ली. परत टक्.

शेजारचा जपार आला.
खिशातले हात न काढताच म्हणाला, बॅटरी गेली.
त्याचा मेहुणा आला. बॅटरीच.
बिश्केकहून मुलाचा फोन: आई, बॅटरी असेल,
आणि विकून टाक ना ते डबडं आता.

बॅटरी गेली की गाडी टकटकटकटक करते,
थंडीत दात वाजावेत तशी.
ही एकदाच बोलली.
कुणीतरी दार किलकिलं करावं,
कोण आलंय बघावं
आणि पुन्हा लावून घ्यावं, तसं.

हॉर्न दाबला. तीन घरं पलीकडचा कुत्रा जागा झाला.
दिवे लावून किल्ली फिरवली:
गोठ्याच्या भिंतीवरचा उजेड
जरासुद्धा मलूल झाला नाही.
म्हणजे वीज आहे.
निघतेय, पण पोचत नाहीये.

हे मला कुणी शिकवलं नाही.
एकतीस वर्षं मी फक्त बॅटरी धरली.
दुसरी. हातातली, पत्र्याची, लांबट,
जिचं बटण अंगठ्यानं दाबूनच ठेवावं लागतं.
तोक्तोसुन बॉनेटखाली कमरेपर्यंत बुडालेला,
आणि मी बाजूला, उजेड घेऊन,
अर्धं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे.
'तू बघतेस तिथे नको. मी बघतोय तिथे धर.'
पुढे पुढे त्याच्या नजरेच्या आधी
माझा उजेड पोचायला लागला.
तेव्हा तो काही बोलायचा नाही.
तीच शाबासकी.

ऑक्टोबरात तो गेला.
किल्ल्या खुंटीवरच राहिल्या.

चहाची किटली आणली.
टर्मिनलवर पांढरट हिरवी बुरशी चढलेली,
तिच्यावर कढत चहा ओतला, तारेच्या ब्रशनं घासलं, नट आवळले.
हे करायचंच असतं, गुण येवो न येवो,
वैद्य आधी जीभ बघतो तसं.
टक्.

'जपार, हात बाहेर काढ. आत बस.
न्यूट्रल. हँडब्रेक. मी सांगेन तेव्हाच फिरवायची.'
त्याच्या अकरा वर्षांच्या एर्निसला म्हटलं, बॅटरी धर.

स्टार्टर खाली, इंजिनाच्या कुशीत,
जिथे बोटं जातात, डोळे जात नाहीत.
पोराचा उजेड भटकत राहिला,
रेडिएटरवर, माझ्या रुमालावर, एकदा मेंढीवर.
'तू बघतोस तिथे नको,' मी खेकसले,
'मी बघतेय तिथे'

आणि थांबले.
तोंडातून वाफ निघाली,
वाक्य तिच्यातच लोंबकळत राहिलं क्षणभर.

एर्निसनं गुपचूप उजेड हलवला. बरोबर जागी.

सतरा नंबरचा लांब पाना घेऊन
सोलेनॉइडच्या डबीवर दोन ठोके दिले.
रागानं नाही. झोपलेल्याला उठवतात तसे.
फिरव.
टक्.
मग एक ठोका, रागानं.
फिरव.

खोकली. शिंकली. मेंढ्या दचकल्या.
जपार ओरडला, बघ, मी म्हटलं नव्हतं?
काय म्हटलं होतंस ते मी विचारलं नाही.
पोरानं बॅटरी कोटात घातली,
मी मागितली नाही.

बाजारात दिवसभर इंजिन बंद केलं नाही.
पेट्रोल जळत होतं, खाली उतरायची हिंमत नव्हती,
काच चार बोटं उघडून भाव केला
आणि लोक हसले, हसू देत.
एक मेंढी खपली.
दुसरी परत आली, पुढच्या सीटवर,
हीटरसमोर नाक धरून.

उद्या स्टार्टर उतरवायचा.
आतले काँटॅक्ट काळे झाले असणार,
पॉलिश पेपर त्याच्या डब्यात आहे, डावीकडे, खिळ्यांखाली.

गोठ्यात आणून गाडी बंद केली.
मेंढी सोडली. दार ओढून घेतलं.
अर्ध्या वाटेवरून परत आले, आत बसले,
आणि नुसतंच, बघायला म्हणून,
पुन्हा एकदा किल्ली फिरवली.