कोरा रकाना

रात्री दीड वाजता, वेसाव्यात, पोटमाळ्यावर
मी बेरजेला नवीन घर दिलं.
चारच ओळी:
दोन डबे उघड, आतले आकडे मिळव,
झाकण लाव.
कुणी उघडा पाच दिला
तर आधी त्यालाही डब्यात ठेव.
गुणाकार तसाच. वजाबाकी तशीच.
आणि दोघांतला एक जरी रिकामा निघाला
तर उत्तर रिकामं,
त्यावर वाद नाही.

कंपायलर काही बोलला नाही.
न बोलणं हीच त्याची शाबासकी.
खाली गल्लीत बर्फाची गाडी पीं पीं करत मागे येत होती.
मी हौसेने चाचणी लिहिली, अगदी शाळेतली:
कुठल्याही क्षमधून तोच क्ष वजा केला
तर शून्य.

यंत्राने शंभर क्ष शोधायचे होते.
पहिल्याच फेरीत त्याने एक आणून समोर टाकला,
मांजर उंदीर आणून टाकतं तसा:
रिकामा डबा.
रिकाम्यातून रिकामं गेलं, रिकामं उरलं.
शून्य कुठेच नव्हतं.

तासभर मी ते आत कोंबत राहिले.
इथे बसवलं की तिकडे गुणाकार उसवायचा.

चारला आय उठली.
धक्क्यावर जायच्या आधी ती 'सोनसाखळी'ची वही बघते,
चष्मा कपाळावर, वही नाकाशी.
मी विचारलं, इथे शून्य आहे,
इथे काहीच नाही. असं का?

"बोट गेली न काय गावला नाय, तं शून्य.
बोट गेलीच नाय, तं कोरा."
मग माझ्याकडे न बघता,
"शून्याला डिझेल लागतं गो."

मार्चमधले अकरा रकाने कोरे आहेत.
ते कूपर हॉस्पिटलचे.
त्यानंतरचं अक्षर रोहिदासचं.

मी त्या चार ओळींवरून
अधिकचं चिन्ह काढून घेतलं.
ओळी ठेवल्या, त्यांना नाव दिलं: सोबत.
चिन्ह दिलं की माणसं
त्याच्याकडून सगळे नियम मागतात.

आय उभ्यानेच वर्षाची बेरीज करते,
ओठांतल्या ओठांत,
रकान्यावर बोट ठेवून.
शून्यावरून ते सरळ खाली येतं.
कोऱ्यावर थांबतं,
थोडंसंच,
मग पुढे जातं.