एक टक्

ओहोटी होती. चिखलात खेकडा होता.
आणि मला घाई होती.

खरं तर एवढंच.
मिलारै उकिडवी बसली होती, चार वर्षांची,
मांड्यांपर्यंत येणाऱ्या रबरी बुटांत.
मी म्हटलं चल, ती म्हणाली थांब,
मी म्हटलं चल,
आणि मनगट धरून तिला होडीत ओढली,
रोज बटाट्यांची गोण ओढतो तशी.

रडली थोडीच.
मग उजवा हात पोटाशी धरून बसून राहिली,
कुणीतरी आपली वस्तू हिच्याकडे सांभाळायला दिल्यासारखी.
पाव दिला, डाव्या हाताने घेतला.
सफरचंद दिलं, डाव्या हाताने.
तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

चाळीस वर्षं होड्या बांधतोय मी या बेटावर.
फळी वाफेवर नरम करायची,
कण्यापासून नाळेपर्यंत वाकवत न्यायची,
मोडू द्यायची नाही.
कुठे थांबायचं ते डोक्याला नाही, तळव्याला कळतं.
याच तळव्याला.

नोएमी, तिची आई, खाडीपलीकडे
साल्मनच्या कारखान्यात पाळीवर.
फोनवर म्हणालो, "पडली असेल कुठेतरी."
असेल. कुठेतरी.
फटीत झाडाची साल कोंबावी
तसे कोंबले मी शब्द.

आचाओच्या दवाखान्यात बाकावर
ओलेगारियो बसला होता, भुवईत गळ अडकलेला,
आणि सगळ्यांना सांगत होता मासा केवढा होता ते.
मिलारै गळाकडे टक लावून.
मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे.
नाव विचारलं, वय विचारलं, वजन विचारलं.
वजन मला नेमकं माहीत होतं,
आत्ताच तर एका हाताने उचललं होतं.

डॉक्टरीणबाई उत्तरेकडची, वाळवंटाकडची,
आमच्या पावसाला अजून न सरावलेली.
पांढऱ्या कोटाखाली दोन स्वेटर.
हात एवढेसे, की माझ्या मुठीत दोन्ही मावतील.
म्हणाली, "कुणी ओढला का हिचा हात?"

खिडकीच्या काचेवर पाणी ओघळत होतं.
मी टोपी काढली. पुन्हा घातली.

मिलारैच म्हणाली:
"माझा खेकडा राहिला तिथे.
ताता थांबला नाही.
त्याला एक नांगी लहान होती, एक मोठी,
आणि तो..."

तो काय, ते कुणाला कळलंच नाही.
बाईंनी अंगठा कोपरावर ठेवला होता,
तळवा हळूच उताणा केला, हात दुमडला,
आणि

टक्.

हा आवाज मला ठाऊक आहे.
फळीच्या भोकात लाकडी खुंटी नीट बसते तेव्हा येतो,
त्यानंतर हातोडा खाली ठेवायचा असतो.
मिलारै एकदा किंचाळली, एकदाच,
मग आश्चर्याने कोपराकडे बघत राहिली,
आणि टेबलावरचं बिस्किट घेतलं.
उजव्या हाताने.

"या वयात सांधा सैल असतो," बाई म्हणाल्या,
"पटकन निसटतो, पटकन बसतो.
यापुढे उचलायचं तर काखेत हात घालून. असं."
आणि हवेत एक अदृश्य पोर उचलून दाखवलं.
मीही उचललं. शाळेतल्यासारखं.
पैसे किती, विचारलं. नकोत म्हणाल्या.
घेतले असते तर बरं वाटलं असतं.

धक्क्यावर मी हात पुढे केला.
तिने पाहिला. धरला नाही.
माझ्या स्वेटरची बाही धरली, लोकरीचा एक धागा ओढत चालली.
होडीपाशी मात्र थांबली,
दोन्ही हात वर केले,
आणि मी वाकलो, काखेत हात घातले,
पाण्याने काठोकाठ भरलेली बादली उचलावी
तशी ती उचलली.

परत आलो तेव्हा भरती होती.
खेकड्याच्या जागी माणूसभर पाणी.
तिने बराच वेळ बघितलं.
"उद्या थांबशील?" म्हणाली.

रात्री नोएमी आली, बोटं सुजलेली, केसांना माशांचा वास.
मिलारै टेबलाखाली दोन्ही हातांनी
चुलीच्या ढलप्यांचं घर रचत होती, कुणासाठी ते सांगायला नको.
"कुठे पडली होती म्हणे?"

किटली उकळत होती. ती उतरवली.
"बस," म्हटलं. "आधी बस."