मला न कळवता

माझं नाव लेलो. आमच्याकडे
लेलो म्हणजे गाणं.
आई गायनमंडळात दुसऱ्या रांगेत उभी राहायची,
तिनं हौसेनं ठेवलं.
नाव ठेवणाऱ्याला बाळाचं डोकं
आतून दिसत नाही.

शाळेत बाई म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव.
हलवले. अकरा वर्षं.
गाण्याच्या उत्सवात, जुलैच्या उन्हात,
पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी घागरा टोचत असताना,
हजारोंच्या गर्दीत हलवले.
शब्द सगळे पाठ, एकही चुकायचा नाही.
चाल म्हणजे काय ते मात्र
मला फक्त माणसांच्या चालण्यावरून ठाऊक.

जिन्यातली पावलं ओळखते मी.
वरच्या मजल्यावरचा काल्यो, डाव्या पायावर जड.
कारखान्यात विणयंत्राची सुई बोथट झाली
की फोरमनच्या आधी मला कळतं.
बहीण रडून मग फोन करते,
ते तिच्या 'हॅलो'तच कळतं.
म्हणजे कान ठीक आहेत. तपासलेत, दोनदा.
फक्त गाणं सुरू झालं
की कोणीतरी चमच्यांचा खण
जिन्यावरून खाली सोडतं,
आणि लोक डोळे मिटून घेतात.

फेब्रुवारीत, तार्तूत,
विद्यापीठाच्या तळघरात ओलेवनं मला
चौसष्ट तारांची ओली टोपी घातली.
केसांत गार जेल.
धून वाजेल, म्हणाला. एखादा स्वर चुकलेला असेल.
चुकला वाटलं तर हिरवं बटण, नाहीतर पांढरं.
हिरवं, पांढरं, पांढरं, हिरवं,
लॉटरीची तिकिटं खरवडावीत तशी मी दाबत गेले.
निम्मी उत्तरं बरोबर आली.
नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

मग त्यानं पडद्यावर एक रेघ दाखवली.
चारशे वेळांची सरासरी.
हे बघ, स्वर चुकला,
आणि इथं, सेकंदाच्या पाचव्या भागात,
रेघ खचलीय.
कोणाची ही?
तुझी.
आणि इथं, थोडं पुढे, दुसरी लाट यायला हवी होती,
'कळलं' म्हणणारी.
तिथं सपाट. गोठलेल्या एमायोगीसारखं.
(हे तो नाही म्हणाला, मी म्हणतेय.)

उजव्या कानशिलाच्या आत, मागून पुढे
एक वाट असते म्हणे. इतरांची रुळलेली,
माझी बहुधा बारीक.
हाकेच्या अंतरावर दोन घरं
आणि मधला बर्फ काढायला कोणी नाही.
"बहुधा," ओलेव पुन्हा म्हणाला.
सावध माणूस आहे तो.

डोक्यातलं जेल धुताना मी चिडले.
त्रेपन्न वर्षं माझ्याच घरात
कोणी पोटभाडेकरू बसून ऐकतंय,
चुका काढतंय,
आणि घरमालकिणीला वर्दी नाही!

आई शेवटी-शेवटी गायची. हॉस्पिटलात,
अर्धं तोंड वाकडं झाल्यावरही.
बहीण उठून बाहेर जायची, ऐकवत नाही म्हणायची.
मी बसायचे. संत्रं सोलायचे,
एकेक फोडीचे दोरे काढून तिच्या पुढ्यात ठेवायचे.
नर्स म्हणायची, धीराची आहे हो तुमची ही मुलगी.
धीर कसला.

आता वाटतं, तेव्हा
दर ओळीला, सेकंदाच्या पाचव्या भागात,
आत कोणीतरी खचत होतं
आणि मी दोरे काढत होते.

रविवारी काल्योचा नातू
वर अकॉर्डियन शिकत बसतो.
फार चुकतो, असं सगळे सांगतात.
मी खाली मोजे विणत असते.
मधूनच टाका सुटतो.
मी छताकडे बघते.
मग उसवते, पुन्हा घेते.