गळती

फेब्रुवारी. उणे एकतीस.
पार्किंगमधल्या गाड्या वायरीने खांबांना बांधलेल्या,
इंजिनं गोठू नयेत म्हणून.
माझं ऑफिस वेल्डिंग शॉपच्या बरोब्बर वर.
डीन झाले तेव्हा पलीकडच्या इमारतीत
गालिच्याची खोली देत होते. नको म्हटलं.
फरशीतून वर येतो तो जळक्या लोखंडाचा वास,
तोच माझा अहवाल.

पण सेंट पॉलच्या कचेरीला दुसरा लागतो,
आज पाचच्या आत.
त्यात एक रकाना आहे : गळती.
बावीस आले, सोळा उरले.
सत्तावीस टक्के.

खाली इवो प्रेब्लिच पाइप तपासायला शिकवतोय.
दोन्ही तोंडं बंद करा, हवा भरा,
सांध्यावरून साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवा,
आणि गप्प बसा.
"बुडबुडा खोटं बोलत नाही."
तेहतीस वर्षं हेच वाक्य,
आणि त्यानंतर नाक शिंकरणं.

तर हे माझे बुडबुडे :
ट्रेव्हिस बोलिओ, नाताळच्या आधीच
सुपीरियरच्या गोदीत लागला.
ओस्टबी जुळे एकाच दिवशी, एकाच ट्रकने गेले,
कॉलेजचे हातमोजे हातातच.
एक डाकोटात पवनचक्क्यांवर चढला.
त्याचा चेहरा आठवतो,
नाव मात्र यादीत बघावं लागतं.

आणि जोलीन हक्काला, वय एक्केचाळीस,
रात्री वृद्धाश्रमात, दिवसा माझ्याकडे.
मेमध्ये प्रमाणपत्र हातात पडणार,
जानेवारीतच खाणीतून फोन आला.
हेल्मेट काखेत मारून वर आली. "थांबू का?"
डीनने थांब म्हणावं, असं खुर्ची सांगते.
मी विचारलं, दाढ कधीपासून दुखतेय तुझी?
"ऑक्टोबर."
खाणीत दातांचा विमा आहे?
"आहे."
मग जा की बाई.

या पाचांना गळाले कसं म्हणू?
पाणी जिथे हवं होतं तिथे पोचलं,
नळाच्या तोंडापर्यंत थांबलं नाही, इतकंच.
पण "पोचले" असा रकाना नाही.
सेंट पॉलला विचारलं होतं एकदा.
सूचनेबद्दल आभार, असं पत्र आलं, सहीशिवाय.

सहावा कोल्टन फेअरबँक्स.
त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही.
नोव्हेंबरपासून लॉकरला त्याचंच कुलूप.
ते कापायचा कागद मीच काढला, मीच सही केली.
इवो म्हणतो, कटरची धार गेलीय.
शॉपमध्ये चार कटर आहेत.

गळती : एक, असं लिहिते.
खोडते. सहा.
बेरजेला वाद आवडत नाही.

मग फोन ओढून कोल्टनचा नंबर फिरवते.
रिंग जाते. खाली सगळे
एका सांध्यावर वाकलेत, कुणी बोलत नाही.
रिंग जाते.
मीही गप्प बसते.