बारदान वजा

तेवीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी आहे मी.
गोणी चढते, काट्याची सुई थरथरते, थांबते,
मी ओरडतो, एकावन्न आठशे, बारदान वजा, धर एकावन्न!
गाळ्यावरचा दिवाणजी लिहून घेतो.

ग्रॅम हे माप माझ्या हिशेबात कधी नव्हतं.
शिवणीतून सांडतं, झाडूवाली ओट्यात भरते,
त्याला आम्ही वजन म्हणत नाही.

केतनला मंगळवारी धरलं,
कोपरखैरणे स्टेशनामागे, रिक्षा स्टँडपाशी.
चौकीतला हवालदार तसा चांगला होता, पाणी दिलं.
म्हणाला, काका, एमडी आहे, बावन्न ग्रॅम.
पन्नासच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण.
व्यापारी!
ज्याला आठवड्याचा पगार शनिवारपर्यंत पुरवता येत नाही
ते माझं पोर.

बेलापूर कोर्टाच्या दारात एक वकील आपणहून भेटला.
दोन लाख. शुक्रवारी पोरगा घरी. लिखापढी नको.
माल न बघता भाव फोडणारे
मी जन्मभर पाहिलेत.
त्याच्या हातातले कागद काढून घेतले, निघालो.
घरी हिने पतपेढीचं पासबुक
शेवटच्या पानावर उघडून ठेवलं होतं.
बोलली काहीच नाही.

टोळीतल्या हैबतीनं दुसरं नाव दिलं.
फरीदा मुकादम, सेक्टर पंधरा, झेरॉक्सच्या दुकानावर.
मुकादमाचं ऐकायची सवय आहे माझ्या पाठीला,
आडनावानंच थोडा धीर आला.

बाईंनी पैशाचं काढलं नाही. विचारलं,
खिशात होतं की सॅकमध्ये?
मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क आहे
हे त्याला कुणी सांगितलं का, आणि त्याला कळलं का?
पंच कोण? ओळखीचे, दर केसला उभे राहणारे?
सही घेतली तेव्हा कागद कोरा होता?
मला एकाचंही उत्तर येईना.
शाळेत उभं केल्यासारखा बसून होतो,
आणि बघत होतो पंचनाम्याचं चौथं पान
जिथं त्यांचं बोट थांबलं होतं:
'नऊ पुड्या, प्लास्टिकसह, एकूण वजन बावन्न ग्रॅम.'

प्लास्टिकसह.

मॅडम, म्हटलं, यांनी बारदान वजा केलेलं नाही.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. परत सांगा.
परत सांगितलं, गोणीचं, सुतळीचं, ओल्या पोत्याचं सगळं.
काळ्या कोटातल्या माणसानं
माझं बोलणं लिहून घेतलं, पहिल्यांदाच.

मग म्हणाल्या, एवढ्यावर हवेत जाऊ नका, उतेकर.
लॅबचा रिपोर्ट यायचाय.
पन्नासच्या खाली आलं तर जामिनाचं दार हलेल,
उघडेलच असं मी लिहून देणार नाही.
फी मात्र लिहून दिली. चार हप्ते, प्रत्येकाची पावती.

तळोज्याला काचेपलीकडे केतन, फोन कानाला.
होत्या, बाबा, म्हणाला. पुड्या होत्या.
कुणाच्या, ते म्हणाला नाही.
दाढी वाढलेली. मनात नसताना
डोळ्यांनीच मी त्याचं वजन केलं.
सहा किलो तरी उतरला असेल.

मी काट्यावर अंगठा कधी ठेवला नाही,
शेतकऱ्याच्या बाजूनं नाही, व्यापाऱ्याच्या नाही.
आता पोराच्या बाजूनंही ठेवणार नाही.
म्हणणं एवढंच, जेवढं आहे तेवढंच धरा.

आज पहाटे चारला लासलगावची गाडी लागली.
पहिली गोणी चढली, सुई थांबली.
एकावन्न आठशे, मी ओरडलो, बारदान

आणि पुढचा शब्द घशातून वर येईना.
दिवाणजीनं मान वर केली.
उतेकर, वजा ना?

हो, म्हटलं. लिहा.
नीट, वाचता येईल असं लिहा.