फॉर्म नाव घेईना

खानापूर स्टँडच्या मागं, चपलांच्या दुकानाला लागून
माझ्या मावसभावाचं झेरॉक्स.
रविवार. लाइट जाऊन येऊन.
मी नुसता बाकड्यावर बसलोय, चहा गार करत.

सातूबाई घाडी काउंटरला कोपर टेकून उभी.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी,
तिच्यात नवऱ्याचे कागद.

पेन्शनचा फॉर्म. वर निळी पट्टी.
मी ओळखला लगेच, जसा आपलाच सदरा
दुसऱ्याच्या दोरीवर ओळखू यावा.
टिळकवाडीत, दुसऱ्या मजल्यावर,
मार्चअखेरीस रात्री दीडला संपवला होता मी.

पतीचे नाव. शेजारी लाल चांदणी,
म्हणजे सोडता येत नाही.

"सांग की काकी," भरमा म्हणाला.
काकी थांबली.
पदर सारखा केला. लोंढ्याची बस वळत होती, तिच्याकडं बघितलं.
मग भिंतीकडं तोंड करून,
कुणाची झोप मोडू नये इतक्या हळू:
"मष्णू."

ती जी थांबली ना, ती जागा,
नावाच्या आधीची आणि नंतरची मोकळी जागा
कापून टाकणारी ओळ माझीच आहे.
त्यात साठवण्यासारखं काही नसतं, असं आम्हाला शिकवतात.

भरमानं टाइप केलं. लाल.
एच काढून बघितला. लाल.
शेवटी दोन ओ लावले. लाल,
आणि खाली बारीक अक्षरांत: नाव अवैध आहे.

"काय झालं रे?"
"फॉर्म नाव घेईना, काकी."
ती हसली. पुढचे दोन दात नव्हते.
"मेल्याला लाज वाटूलालीय व्हय?
मी बी चाळीस वर्सं घेतलं न्हाई."

रेशनकार्डावर तो कन्नडात आहे,
आधारवर इंग्रजीत,
शाळेच्या दाखल्यावर मराठीत, वर शाईचा डाग.
तिन्हीकडं एकच माणूस, तोच, डाव्या हातानं विडी ओढणारा,
आणि मी एकापुढं एक तीन बरोबरची चिन्हं लावून ठेवलेली
की काडीचा फरक चालणार नाही.

हे माझं काम आहे, असं काही मी बोललो नाही.
विचारलं एवढंच, काकी, तू काय काम करायचीस?

कौलाच्या कारखान्यात.
भट्टीतनं निघालेलं कौल डाव्या हातावर धरायचं,
उजव्या बोटानं टिचकी.
खणखणलं तर ह्या थप्पीला,
बद्द वाजलं तर त्या.
"आणि त्या थप्पीचं काय व्हायचं?"
"गोठ्याला. न्हाणीला. कोंबड्यांच्या खुराड्याला.
माती भाजलीया न्हवं? टाकतंय कोण?"

कागद पिशवीत, पिशवी पिशवीत घालून काकी गेली.
बुधवारी ये, म्हणाला भरमा.
फॉर्मचे पैसे घेतले नाहीत त्यानं.
झेरॉक्सचे घेतले.

सोमवारी मी ती ओळ उघडली.
"अवैध" खोडून लिहिलं:
नाव जुळत नाही. तरी पुढं जा, माणूस बघेल.
वरिष्ठांनी दुपारी विचारलं, माणूस म्हणजे कोण?
तसं पद आहे का आपल्याकडं?
आणि रीतसर नोंद कर, किती जणांची अडचण आहे ही.

नोंदीचा फॉर्मही जुना, माझाच.
त्यात एक रकाना: बाधित व्यक्तींची संख्या.
फक्त आकडा घेतो.
कीबोर्ड अजून मराठीवरच होता,
मी लिहिलं: १

लाल.